रेवाला व्हेटर्नरीला घालू का, म्हणतेस

गोरेगाव, मुंबई
१८ जून

प्रिय नंदा,

परवा तुझा फोन आला तेव्हा टेबलावर एक लॅब्राडोर रडत होता आणि त्याच्याहून जास्त त्याचे मालक रडत होते. धड बोलता आलं नाही. आज दवाखाना बंद आहे, म्हणून सावकाश लिहिते. भाऊजींनाही वाचायला दे आणि तुझ्या लेकीला, रेवालाही.

'तिला प्राणी फार आवडतात गं,' हे तू फोनवर परत परत सांगत होतीस. खरं सांगू? रेवावर माझा विश्वास आहे, पण या कारणावर नाही. प्राणी आवडणारी माणसं माझ्यासमोर दिवसभर बसलेली असतात. आवड असेल तर कुत्रा पाळावा, त्याला साडेपाच वर्षांचा अभ्यास कशाला हवा? मला दुसरंच जाणून घ्यायचंय. जनावर पडलं, तर ते का पडलं हे कळेपर्यंत तिला चैन पडत नाही, असं आहे का?

गिधाडांचं सांगते. मलबार हिलला पारशांच्या डुंगरवाडीवर, जिथे ते आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवत, एके काळी गिधाडं असायची. नव्वदच्या दशकात ती सगळ्या उपखंडातूनच नाहीशी व्हायला लागली. नक्की कशाने, ते कोणाला कळेना. शेवटी मेलेली गिधाडं फाडून पाहिली, तर आतल्या अवयवांवर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर, म्हणजे मूत्रपिंडं निकामी. शोध घेत घेत गाडी डायक्लोफेनॅकपाशी येऊन थांबली. लंगडणाऱ्या गाईबैलाला आराम पडावा म्हणून टोचलेलं साधं वेदनाशामक. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडं गेली. २००४ साली हे छापून आलं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आलं, ते गिधाडांना बाधत नाही. आता बघ, सुई टोचणारे काही दुष्ट नव्हते, दयेपोटीच टोचत होते. तिथे दया कामाला आली नाही, मेलेला पक्षी चिरून बघणारा लागला. रेवा यातली कोण, ते तूच मला सांग.

ॲडमिशनचं फारसं लिहीत नाही, ते तुम्ही नेटवर बघालच. बारावीला बायॉलॉजी आणि नीटचे मार्क लागतात. सरकारी कॉलेजं नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात: आपलं परळचं, शिवाय नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर वगैरे. परळचं १८८६ सालचं आहे, बैलघोडा म्हणतात त्या जनावरांच्या इस्पितळाच्या आवारातलं. मार्क थोडे कमी पडले आणि उदगीर मिळालं तर नाक मुरडू नका. जनावरं तिकडे जास्त बघायला मिळतील.

कारण शिकायचं मुख्यतः गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. कुत्रामांजर असतात, पण पाया हा. मुंबईच्या मुलांना इथेच पहिला धक्का बसतो. माझा आवडता धक्का कोटीपोटाच्या, म्हणजे गाईच्या सगळ्यात मोठ्या पोटाच्या, ऑपरेशनचा. रस्त्यावर फिरणारी गाय, पोट फुगलेलं, रवंथ बंद. तिला आडवी पाडत नाहीत, उभ्या उभ्याच डाव्या कुशीत भूल देऊन चिरतात. कोटीपोटाची कड कातडीला टाके घालून धरून ठेवायची, म्हणजे आतला माल पोटात सांडत नाही. मग हात आत, पार दंडापर्यंत. आत गरम असतं, आणि हाताला लागतो तो पिशव्यांचा पीळ. दुधाच्या, भाजीच्या, गाठ मारून टाकलेल्या खरकट्याच्या पिशव्या एकमेकींत गुंतून दोरखंड झालेल्या. ओढलं की संपतच नाही. मध्येच खिळा, मध्येच तारेचा तुकडा. तार जाळीपोटात, म्हणजे त्याच्या पुढच्या छोट्या पोटात, गेली की पुढे हृदय अगदी जवळ असतं, म्हणून ती बोटांनी चाचपून शोधायची. आणि गाय शांत उभी, कान हलवत. वास दोन दिवस जात नाही, केसांतही राहतो. मी पहिल्यांदा हात घातला तेव्हा इतकी खूश झाले होते की आईला वाटलं मला नोकरी लागली.

पण तिला सांगायचं अवघड ते पुढेच आहे. आपल्याकडे गोरेगाव-जोगेश्वरीला तबेले आहेत. तिथे म्हैस दुधासाठी असते. भाकड झाली की बरेच मालक तिला विकून टाकतात, कारण मुंबईत जागा आणि चारा दोन्ही महाग. नर रेडकाला तर कोणी विचारत नाही. त्या म्हशीची दगडी झालेली कास मी मन लावून बरी करते आणि ती कुठे जाणार हे मला ठाऊक असतं. देवनारच्या कत्तलखान्यातही पशुवैद्यक असतात. कापायच्या आधी जनावर तपासायचं, कापल्यावर मांस तपासायचं. तिथे लक्ष देऊन काम करणारा माणूस किती लोकांना आजारापासून वाचवतो, याची गणती कोणी ठेवत नाही. नुसत्या मायेवर आलेली मुलं इथे मोडतात, किंवा मग चिडचिडी होतात. मला वाटतं, मालक आणि जनावर दोघांची बाजू एकाच वेळी डोक्यात ठेवता आली पाहिजे. ती रोजच ठेवता येते असं नाही.

रेवाला बिबट्याचं काम करायचंय, असंही म्हणालीस. (सगळ्यांनाच करायचं असतं, आमच्या बॅचमध्येही करायचं होतं.) त्याला व्हेटच व्हायला हवं असं नाही. झूऑलॉजी करून डेहराडूनला वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूला एनसीबीएस या जीवविज्ञानाच्या संस्थेत एमएस्सी करता येते. फक्त तिला आधीच सांग, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात बिबट्याचा अभ्यास म्हणजे बऱ्याचदा त्याची विष्ठा गोळा करून आतले केस तपासणं, आणि कॅमेऱ्यातल्या फोटोंमधले ठिपके जुळवत बसणं. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, त्यावरून ओळखतात.

भाऊजी विचारत होते ना, मुलीला झेपेल का? त्यांना म्हणावं, अडलेल्या शेळीला मोकळं करायला बारीक हातच बरा पडतो. ताकद लागते तिथे माणसं आणि दोर असतात. पैशाचं म्हणशील तर कुत्र्यामांजरांचा दवाखाना मुंबईत चालतो, पण जागेचं भाडं बघून छातीत धडकी भरते आणि पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढावी लागतात. एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी झाली तर सरकारी नोकरी, पण मग बदली धडगावला झाली म्हणून तू मला फोन करून रडायचं नाहीस.

तेव्हा फॉर्मचं राहू दे जरा. येत्या शनिवारी तिला माझ्याकडे पाठव. पहाटे आम्ही तबेल्यात जाऊ, दुपारी दवाखान्यात बसेल. जुने कपडे घालायला सांग, केस बांधून, गमबूट माझ्याकडे आहेत, तिचा नंबर कळव. रेबीजची लस मी तिला आधीच घ्यायला लावणार आहे, कुत्रा चावायची वाट न बघता. आमच्या कामात ती सगळेच घेतात: पहिली टोचली की सात दिवसांनी दुसरी, आणि पहिलीपासून एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी तिसरी. तोवर तिला कुत्र्यांपासून लांब बसवीन.

आणि तू सोबत येऊ नकोस. तू आलीस की ती तुझ्या तोंडाकडे बघेल. येताना तिच्याबरोबर लसणाची चटणी मात्र पाठव, मागची संपली.

तुझी,
वैजू