बाबा, 5 केव्हीएचा जनरेटर माडीवर कोण नेणार?

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं 5 केव्हीए डिझेल जनरेटरचं कोटेशन बघितलं. यंत्र चांगलं आहे, पण आपल्या घराला नको. पहिली अडचण वजनाची. असला जनरेटर शंभर किलोच्या पुढे जातो आणि एकदा खाली बोल्ट मारून बसवला की तिथंच राहतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. तसं पाणी पुन्हा आलं तर एअर फिल्टरमधून ते थेट सिलिंडरमध्ये शिरणार आणि अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये गाळ बसणार. ऐन गरजेच्या वेळी यंत्र पाण्याखाली. सांगलीत गावभागात राहायचं तर जनरेटर दोन माणसांना जिन्यावरून नेता आला पाहिजे.

दुसरी अडचण उलटी आहे, तो आपल्याला फार मोठा होतो. 5 केव्हीए म्हणजे 5,000 व्होल्ट-अँपिअर, त्याला पॉवर फॅक्टरच्या 0.8 ने गुणा, 4,000 वॉट होतात. घरात लाईट गेल्यावर आपण चालवणार सहा-सातशे वॉट, रात्री तर दोनशेसुद्धा नाही. इतक्या कमी लोडवर डिझेल इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमध्ये काळं तेलकट कीट साठतं. मग धूर सुरू होतो आणि मेकॅनिक इंजेक्टर बदलायला सांगतो.

आता आपला लोड मांडते. फ्रीज चालताना 150 वॉटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर 800 ते 1,000 मागतो. इन्व्हर्टर बॅटरी चार्ज करताना 250 ते 300. दोन जुने पंखे 150, चार एलईडी ट्यूब 80, टीव्ही आणि राउटर मिळून 65. बेरीज साधारण 720, कॉम्प्रेसरचा झटका धरून सोळाशे. म्हणून सलग 1,800 वॉट आणि कमाल 2,200 वॉट देणारा पेट्रोलचा इन्व्हर्टर-जनरेटर बघा. वजन 20 ते 25 किलो, आवाज साध्या जनरेटरपेक्षा बराच कमी. साध्या जनरेटरला 50 हर्ट्झसाठी इंजिन कायम 3,000 फेऱ्यांवर पळवावं लागतं. यात वीज आधी डीसी होते, मग पुन्हा स्वच्छ एसी, त्यामुळे लोड कमी असेल तर इंजिनही हळू चालतं. दुकानदार मोठ्या अक्षरातला कमाल आकडा दाखवेल. तुम्ही सलग, म्हणजे रेटेड, वॉट बिलावर लिहून घ्या. आणि कार्ब्युरेटर, रिकॉइलची (ओढून इंजिन सुरू करायची) दोरी नि स्प्रिंग सांगली-मिरजेत मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा.

पाण्याची मोटर चालेल का, हे आई विचारणारच. 1 एचपीची असेल तर नाही. ती चालताना हजार-अकराशे वॉट घेते आणि सुरू होताना त्याच्या तिप्पट. दिवसातून वीस मिनिटं चालणाऱ्या मोटरसाठी दुप्पट मोठं धूड घेऊन ठेवायचं, हे मला पटत नाही. पावसाचा जोर दिसला की 1,000 लिटरची टाकी काठोकाठ भरून ठेवा. दोघांना दिवसाला 250 लिटर धरले तरी चार दिवस पुरते. मोटर अर्ध्या एचपीची निघाली तर मात्र चालेल, पण बाकी सगळं बंद करून आणि जनरेटरवरचं इको बटण बंद करून. इको चालू असलं की इंजिन मंद असतं, झटका आला की दबतं आणि ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. तरीही मोटर नुसतीच गुणगुणत राहिली तर तिचा कपॅसिटर तपासून घ्या. गिझर, इस्त्री आणि इंडक्शन यांचं नाव काढायचं नाही.

जनरेटर दिवसभर चालवायची गरज नाही. सकाळी दीड तास, दुपारी तास, संध्याकाळी अडीच तास. दार न उघडता फ्रीज चारेक तास गारवा धरतो, तेव्हा आतल्या इन्शुलिनसाठी दार कमीत कमी उघडा. इन्शुलिन बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, गोठलं की वाया जातं. मधल्या वेळात दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर. आपली 150 एएचची बॅटरी चांगली असेल तर अडीचशे वॉटला चार तास देते. जनरेटर जोडल्यावर इन्व्हर्टर चार्जिंग घेत नसेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवरून साध्या मोडवर करा, यूपीएस मोडमध्ये तो व्होल्टेजबद्दल फार चिकित्सक असतो. या हिशेबाने पेट्रोल तासाला अर्ध्या लिटरच्या आत, दिवसाला अडीच लिटर.

आता जोडणी, आणि इथं काटकसर नको. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसायची युक्ती कुणी सुचवली तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तशी जोडलेली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मर 230 चे 11,000 व्होल्ट करतो, आणि खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे असं समजून काम करत असतो. शिवाय पिनेचं दुसरं टोक उघडं आणि जिवंत. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेन स्विचनंतर 32 अँपिअरचा डबल पोल चेंजओव्हर बसवून घ्या: एकीकडे महावितरण, मध्ये बंद, दुसरीकडे जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत. जनरेटरपासून तिथपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची तीन कोअर तांब्याची केबल. या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो आणि तसाच ठेवला तर आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) शॉकच्या वेळी ट्रिप होत नाही. तेव्हा कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे न्यूट्रल आणि अर्थची जोडणी करायला सांगा. टेस्टचं बटण दाबून 'बघा, पडतोय' म्हणाला तर ऐकू नका. ते बटण अर्थ नसतानाही आरसीसीबी पाडतं.

ठेवायची जागा परसात, कुठल्याही खिडकी-दारापासून किमान 20 फूट, धुराचं तोंड घराकडे पाठ करून. पडवी, जिन्याखाली, शेडमध्ये दार उघडं ठेवून, गॅलरीत, कुठंच चालणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, डोकं जड होऊन झोप येते आणि माणूस उठत नाही. पावसासाठी वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या खोलीत लावा.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि महिना-दोन महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट होऊन बसतं. चालू न होणाऱ्या जनरेटरचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. म्हणून बंद करताना बटण दाबू नका. इंधनाचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप थांबू द्या. महिन्यातून एकदा फ्रीज जोडून पंधरा मिनिटं चालवा, टाकीतलं जुनं पेट्रोल स्कूटरला घाला. ऑइल 10डब्ल्यू-30, पहिलं 20 तासांनी बदलायचं, मग दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर आधी बघा, तो उतारावर तर ठेवलेला नाही ना. ऑइल एका बाजूला जातं आणि सेन्सर इंजिन बंद करतो. पेट्रोल भरताना यंत्र पंधरा मिनिटं गार होऊ द्या. बाबा, तुमच्या खांद्यासाठी सेल्फस्टार्टचं मॉडेल मिळालं तर उत्तम, पण त्याची छोटी बॅटरी चार्ज न करता ठेवली तर मरते, तेव्हा दोरीही हवीच.

पुराचं वेगळं. पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की जनरेटर आणि पेट्रोलचा कॅन गच्चीवर. कॅन पेट्रोलसाठीचाच हवा, पाण्याच्या बाटल्या नकोत, आणि तो घरात ठेवायचा नाही. जनरेटर उघड्या गच्चीच्या कडेला, जिन्याचं दार लावून. खाली पाणी शिरलं असेल तर चेंजओव्हरला हात लावायचा नाही, मीटरचं बोर्ड ओलं असतं. वरच्या मजल्यापुरती एक्स्टेंशन बोर्डावरून वीज घ्या. पाणी ओसरल्यावरही इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासेपर्यंत तसंच. आणि 45 फुटांची धोक्याची पातळी जवळ आली तर फ्रीज, जनरेटर सगळं सोडून निघायचं. महावितरण पुरात लाईट मुद्दाम बंद ठेवतं, ती कधी येईल याची वाट बघत माडीवर बसू नका.

आई, मोटरवरच्या पाटीचा आणि फ्रीजच्या मागच्या स्टिकरचा फोटो आजच पाठव. बाबांना कोटेशनवाल्याला दोन दिवस थांबवायला सांग.

तुमची लेक