हजेरी म्हणजे काय, ते मुलांना कळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या अंकात ‘कोवळ्या मनांत विष कालवू नका’ हे पत्र वाचलं. काल दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्रलेखकांचं म्हणणं असं की, इंग्रज सरकारने अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा, असले विषय नववीत शिकवल्याने मुलांमुलांत भेद पडतो, काहींना उगाच अपराधी वाटतं, काहींना राग येतो. हे सगळं कॉलेजात गेल्यावर शिकवावं. त्यांच्या वयाचा मान राखून सांगतो, त्यांनी १९२४ चा तो कायदा एकदा काढून वाचावा. सहा वर्षांवरच्या आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा आणि कामाला लावण्याचा अधिकार सरकारने त्यात स्वतःकडे घेतला होता. ज्या वयाच्या मुलांवर हे करता येत होतं, त्या वयाच्या मुलांना ते नुसतं सांगायचंही नाही?

मी कैकाडी आहे. गेली चोवीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवतो. माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे असा शिक्का बसलेल्या जमातींना ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाच्या आत वाढली. तिला साल सांगता यायचं नाही, पण सरकारी माणसापुढे द्यायच्या हजेरीची वेळ पक्की आठवायची. लग्नानंतर माहेरी जायचं तर पास काढावा लागायचा. किती दिवसांसाठी, कोणत्या गावी, परत कधी, सगळं त्यावर लिहिलेलं. तिने गुन्हा काय केला होता? काही नाही. कैकाड्याच्या पोटी जन्मली, एवढंच.

आता माझं सांगतो. १९८६ साली मी तालुक्याच्या गावी आठवीत होतो. वर्गातून सहलीचे पासष्ट रुपये गेले. सरांनी दार लावायला सांगितलं आणि दोनच दप्तरं तपासली, एक माझं आणि एक शेवटच्या बाकावरच्या वडाराच्या मुलाचं. बाकी अठ्ठेचाळीस दप्तरांना हात लावला नाही. माझ्या दप्तरात फडक्यात बांधलेली भाकरी होती. सरांनी ती गाठ सोडली, भाकरी उलटून पाहिली. खाली एक लहान कोयती निघाली. त्या दिवशी बाजार होता. शाळा सुटल्यावर मी वडिलांजवळ जाऊन बसणार होतो, तुरकाट्या सोलायला, टोपल्या वळायला. आमच्याकडे दहा वर्षांच्या पोराच्या हातात कोयती असतेच. सरांनी ती वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, “बघा.” पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती, सगळ्यांनी पाहिलं.

पैसे दुसऱ्या दिवशी सापडले. मॉनिटरने ते शिपायाकडे ठेवायला दिले होते आणि सांगायचं विसरला होता. सर मला “बस खाली” म्हणाले. कोयती परत मिळाली नाही. मी घरी सांगितलं तर वडील म्हणाले, “शाळेत इचारायला जाऊ नको.” आणि तुरीची काटी सोलत राहिले. तीन दिवस त्यांनी शेजाऱ्याची कोयती मागून काम केलं.

संपादक महाशय, मला त्या सरांचा राग आला नाही. हेच मला पत्रलेखकांना सांगायचं आहे. मला वाटलं, आपल्या लोकांतच काहीतरी असेल. दहा वर्षं तसं वाटत राहिलं. घरात कैकाडी बोलायचो आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मुकाट मराठी, कारण गावात आमच्या बोलीला चोरांची बोली म्हणत. बी.एड.च्या वर्षी ग्रंथालयात १८७१ चा, म्हणजे याच कायद्याचा पहिला मसुदा पहिल्यांदा वाचला, तेव्हा कळलं की हे आमच्या रक्तात नव्हतं, सरकारच्या कागदावर होतं. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा चोर होतो, अशी साहेबाची समजूत. रेल्वे आली आणि बंजाऱ्यांचा बैलांवरून मीठ-धान्य वाहण्याचा धंदा बसला. ज्यांचं पोट फिरण्यावर, ते सगळे संशयित. १९११ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यातही आला. अमुक जमात गुन्हेगार, असं राजपत्रात छापलं की झालं. त्या शिक्क्याविरुद्ध कोर्टात दादसुद्धा मागता येत नव्हती.

हे मला आठवीत कुणी सांगितलं असतं तर मी त्या वर्गात मान खाली घालून बसलो नसतो. आणि माझं सोडा, त्या वर्गात आणखी अठ्ठेचाळीस मुलं होती. त्यांना त्या दिवशी जे शिकवलं गेलं, ते पुसायला पुढे कुणी आलं नाही. त्यातले काही आज पोलिसांत आहेत, काही शिक्षक आहेत. पत्रलेखक म्हणतात भेद शिकवू नका. भेद शिकवून झालेला असतो हो, कोयती वर धरली तेव्हाच. आम्ही वर्गात तो आला कुठून एवढंच सांगतो.

मुलांना काय झेपतं, हेही सांगतो. गेल्या वर्षी नववी ब मध्ये मी हा तास घेतला. आधी रोजच्यासारखी हजेरी घेतली, मग विचारलं, हा शब्द आणखी कुठे ऐकलाय? कुणालाच माहीत नव्हतं. मग पोलीस पाटलापुढची हजेरी सांगितली. कोर्टात जाता येत नव्हतं म्हटल्यावर एक मुलगी ताडकन म्हणाली, “सर, मग कलम १४?” म्हटलं, कायद्यापुढे सगळे समान म्हणणारं ते कलम तेव्हा नव्हतं, म्हणून तर ते लिहावं लागलं. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ ला गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे राज्यघटना लागू झाल्यावरही देशाच्या काही भागांत माणसं अडीच वर्षं जन्माने गुन्हेगार होती. फळ्यावर राज्यघटना लागू झाल्याची आणि हा कायदा गेल्याची, अशा दोन्ही तारखा लिहिल्या तेव्हा वर्ग गप्प झाला.

आणि अपराधगंड? चांगल्या खात्यापित्या घरातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी आपणहून सांगायला आला. त्याच्या पणजोबांकडे गावची पोलीस पाटीलकी होती. त्याने आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, “व्हय, चावडीम्होरं रातच्याला निजवायचे त्येंना.” आजवर हे घरात कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या मुलाला अपराधी वाटलं की नाही मला माहीत नाही. त्याने वहीत आजोबांचं सगळं बोलणं उतरवून आणलं होतं, चार पानं, आणि मला म्हणाला, सर, हे पुस्तकात का नाही?

मीही तेच विचारतो. अमेरिकेत काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसवत, हे आमच्या मुलांना ठाऊक असतं, रोझा पार्क्सचं नाव पाठ असतं. ते असायलाच हवं. पण सोलापूरच्या गिरण्यांत तारेच्या आतले लोक राबले, हे सोलापूरच्याच मुलाला माहीत नसतं. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिलं हे आम्ही अभिमानाने शिकवतो. त्यांची रामोशी जमात आज ‘विमुक्त जाती’च्या यादीत आहे, विमुक्त कशातून, हे शिकवत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातली हजेरी बंद केली. महाराजांनी ती बंद का केली, हे हजेरी म्हणजे काय ते न सांगता कसं शिकवायचं, पत्रलेखकांनीच सांगावं.

आता थोडं आपल्याविषयी. ज्या अंकात ते पत्र आलं, त्याच अंकात पान पाचवर बातमी आहे: ‘घरफोड्या करणारी पारधी टोळी जेरबंद’. त्याच पानावर खाली पतसंस्थेत अपहार करणाऱ्या व्यवस्थापकाची बातमी आहे. त्याची जात मथळ्यात नाही, मजकुरातही नाही, आणि नसावीच. मग पारध्याची का? ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधून विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार ठरवणारे उल्लेख काढायला सांगितले. तो निकाल आपणही छापला असेल. आमच्या शाळेत पारध्यांची तीन मुलं आहेत आणि शाळेत आपलाच पेपर येतो. वाचनालयाच्या तासाला ते पान त्यांच्या हातात पडतं. मंगळवारी मी ते पान काढून ठेवलं. हे काम माझं नाही. कृपया उपसंपादकांना सांगा.

पत्रलेखकांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. येत्या सोमवारी दुसऱ्या तासाला मी नववी ब मध्ये हाच विषय घेणार आहे. त्यांनी यावं, मागच्या बाकावर बसावं, मुलांना हवं ते विचारावं. पत्ता आपल्याकडे दिला आहे, तो त्यांना कळवावा.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक
(नाव व शाळा छापू नये, ही विनंती)