पटकथेच्या पहिल्या मसुद्याचाही विचार व्हावा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,

विषय : नवोदित पटकथालेखकांना लेखनाच्या काळातच अर्थसाहाय्य मिळण्याबाबत

सविनय नमस्कार.

चित्रपटांना सरकारी अनुदान द्यावे की नाही, यावर वाद पुष्कळ होतात. ते कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या हाती द्यावे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. पूर्ण झालेला चित्रपट परीक्षण समितीने पाहायचा, त्याचा दर्जा ठरवायचा आणि निर्मात्याच्या नावे रक्कम मंजूर करायची, ही अनुदानाची रूढ रीत आहे. ज्या चित्रपटाची पटकथाच अजून लिहून झालेली नाही, त्याला आणि ती लिहिणाऱ्याला या रीतीत जागा नाही.

पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पटकथा साधारण 90 ते 120 पानांची असते. ढोबळमानाने एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट. एवढी पाने दोन-तीन महिन्यांत सहज लिहून होतील, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात एका ओळीची कल्पना, सारांश, ट्रीटमेंट (म्हणजे कथेची गद्यातली सविस्तर मांडणी), दृश्यांचा आराखडा, पहिला मसुदा आणि त्यानंतर मोडून पुन्हा लिहिलेले मसुदे, यांत वर्ष-दोन वर्षे निघून जातात. प्रस्थापित लेखकाला यातल्या काही टप्प्यांवर करारानुसार हप्ते मिळतात. नवोदिताला करार होईपर्यंत काहीच मिळत नाही, आणि तो व्हावा म्हणून निर्माते, दिग्दर्शक व कलावंतांपुढे द्यावी लागणारी नॅरेशन्सही, म्हणजे पटकथेची तोंडी सादरीकरणेही, विनामोबदलाच असतात. करार झालाच, तर सायनिंगची, म्हणजे सही करतानाची, रक्कम लहान असते आणि मोठे हप्ते बहुधा चित्रीकरणाच्या आरंभाशी किंवा प्रदर्शनाशी बांधलेले असतात. निर्मात्याचे भांडवल अडले, की लेखकाने आपले काम चोख पूर्ण केलेले असूनही त्याचे पैसे अडतात.

मग या काळात तो जगतो कशावर? काही जण लेखनाच्या आसपासचे काम धरतात : उपशीर्षके, डबिंगसाठी भाषांतर, जाहिरातींची कॉपी, निर्मितिसंस्थांकडे आलेल्या पटकथा वाचून अहवाल देणे किंवा दैनंदिन मालिकेच्या संवादलेखकाच्या हाताखाली बिननावाने एपिसोड लिहिणे. मालिकेत हात पक्का होतो, हे मान्यच केले पाहिजे. दृश्य कुठे तोडावे आणि माहिती संवादात कशी मुरवावी, हे तिथे रोजच्या रोज शिकायला मिळते. परंतु त्या कामाला वेळेची मर्यादा नसते. रात्री उशिरा बदल कळवले जातात, सकाळी चित्रीकरण असते, आणि दिवसभर दुसऱ्याच्या पात्रांच्या तोंडी शब्द घातल्यावर स्वतःच्या पात्रांशी बोलण्याची ताकद उरत नाही. दुसरे काही जण जाणूनबुजून लेखनापासून दूरची नोकरी निवडतात : हिशेबनीस, शिकवण्या, कॉल सेंटरमधील रात्रपाळी. त्यांची भाषा ताजी राहते, पण नॅरेशनचा निरोप आयत्या वेळी आला तर रजा मिळत नाही. निवड करायचीच झाली, तर ठरलेल्या तासांची रुक्ष नोकरी मला अधिक बरी वाटते. अर्थात अशी नोकरी मिळणे हेच आता अवघड होऊन बसले आहे.

तिसरा आधार जोडीदाराच्या पगाराचा किंवा आईवडिलांच्या घराचा. याविषयी मुलाखतींतून कोणी बोलत नाही. पटकथालेखनाची सर्वांत मोठी शिष्यवृत्ती आजही घरातूनच मिळते, आणि तिच्यासाठी अर्ज करण्याची सोय प्रत्येकाला नसते. परिणामी, कोण अधिक चांगले लिहितो यापेक्षा कोण अधिक काळ बिनपगारी थांबू शकतो, यावर पडद्यावरच्या कथा ठरतात. स्त्रियांच्या बाबतीत पोटापाण्याची नोकरी आणि लेखन यांत घरकामाची पाळीही मिसळते. ‘संघर्षाचे दिवस’ पुरस्कार सोहळ्यात ऐकायला बरे वाटतात, कारण तिथे बोलायला उभे राहिलेले असतात ते केवळ टिकलेले लोक.

कायद्याने काही दिले नाही, असे नाही. 2012 साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापरांतून मिळणाऱ्या रॉयल्टीवरचा हक्क लेखकाला करारानेही सोडून देता येत नाही. ही तरतूद मोलाची आहे. तथापि रॉयल्टीसाठी आधी चित्रपट व्हावा लागतो. अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने 1960 च्या संपातून पुनर्वापराचा मोबदला आणि आरोग्य व निवृत्तिवेतनाची तजवीज मिळवली, तर 2023 च्या 148 दिवसांच्या संपानंतर कमी मानधनाच्या कामात दुसऱ्या मसुद्याच्या पैशांचीही हमी मिळवली. हा लाभही व्यवसायात शिरलेल्यांचाच आहे. उंबरठ्याबाहेर थांबलेल्यांसाठी वेगळ्या योजना लागतात. ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीची निकोल फेलोशिप दरवर्षी जास्तीत जास्त पाच नवोदितांना देण्यात येत आली असून, 35,000 डॉलर हप्त्यांनी द्यायचे आणि वर्षभरात एक नवी पटकथा पूर्ण करून घ्यायची, असे तिचे स्वरूप राहिले आहे. आयर्लंडने 2022 मध्ये त्याहून धाडसी प्रयोग केला : 2,000 कलावंतांना तीन वर्षे दर आठवड्याला 325 युरो, तेही सोडत पद्धतीने निवडून आणि ‘या बदल्यात काय निर्माण केलेत’ असे न विचारता.

आपल्या विभागाने थेट आयर्लंडच्या वाटेने जावे, असा माझा आग्रह नाही. चित्रपटांसाठी असलेल्या तरतुदीतील एक लहान हिस्सा लेखनासाठी राखून ठेवावा आणि तो निर्मात्यामार्फत न देता थेट लेखकाच्या खात्यात जमा करावा, एवढीच माझी मागणी आहे. हप्ते ट्रीटमेंट, पहिला मसुदा आणि पुनर्लेखन यांना जोडावेत. निवडीच्या वेळी अर्जदाराचे नाव परीक्षकांपासून झाकलेले असावे आणि दिग्दर्शक वा निर्मात्याचे शिफारसपत्र मागू नये. तशी पत्रे मिळवू शकणाऱ्याला या मदतीची गरज तुलनेने कमीच असते. पटकथेवर पुढे चित्रपट झाला नाही, म्हणून रक्कम परत मागण्याची अट घालू नये, कारण न झालेल्या चित्रपटाची पटकथाही लेखकाला पुढची लिहायला शिकवते. साहाय्य घेतले म्हणून नोकरी सोडण्याची सक्तीही नसावी.

या योजनेचे नियम ठरवणाऱ्या समितीत नामवंतांच्या बरोबरीने, ज्यांची पटकथा अद्याप पडद्यावर आलेली नाही असे किमान दोन लेखक घ्यावेत, आणि बैठका त्यांना नोकरी सांभाळून येता येईल अशा वेळी ठेवाव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक पटकथालेखक