फराळाचं तेल आणि गोडाचं ताट

महोदय,

दिवाळीत गावाकडे दोष सगळा गोडाला मिळतो, पण कढईतल्या तेलाकडे कुणी बघत नाही. चकली तेल पिते ती बहुधा तेल पुरेसं तापलेलं नसताना सोडल्यामुळे. आधी पिठाची बोराएवढी गोळी टाकावी. ती तळाशी बसली तर थांबावं, बुडबुडे येत लगेच वर आली तर चकल्या सोडाव्यात, त्याही थोड्या थोड्या. एकदम कढईभर टाकल्या की तेल थंड होतं. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, तेलकटही होते.

चिवडा तळायची गरजच नाही. अर्धा किलो पातळ पोहे उन्हात वाळवून मंद आचेवर भाजले, तर फोडणीला पाऊण वाटी तेल पुरतं. फल्लीदाणेही भाजूनच घालावेत.

उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावं. काळं, चिकट किंवा फेसाळ झालं तर सरळ फेकावं. पिंप्यात साठवून पुढच्या सणाला पुन्हा तळण? मुळीच नको.

शुगरच्या रुग्णांनी 'आज करंजी खाल्ली, आता जेवत नाही' हा हिशेब करू नये. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना जेवण चुकलं तर साखर धोकादायक खाली जाते. त्यापेक्षा एक करंजी जेवणातच घ्यावी, भाकर अर्धी करावी आणि मुगाची उसळ, अंबाडीची भाजी आधी खावी.

– एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)