आधारसक्तीने काय साधणार?

‘प्रौढांच्या परिचय जाहिरातींना (जोडीदार वा सोबत शोधण्यासाठी दिलेल्या जाहिरातींना) आधारसक्ती करा’ असे सुचवणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. सूचना पटली नाही. अशा जाहिरातींतून फसवणूक, ब्लॅकमेल होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी कायदे आहेत. संमतीविना कुणाच्या शरीराच्या खासगी भागाचे छायाचित्र काढणे वा पसरवणे, हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये देहव्यापाराच्या जाहिरातींची जबाबदारी संकेतस्थळांवरच टाकली, तेव्हा क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळाने परिचय जाहिरातींचा विभागच बंद करून टाकला. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

आपल्याकडे आधारची झेरॉक्स कशी सांभाळली जाते, हे एखाद्या लॉजच्या काउंटरवर पाहावे. रजिस्टरमध्ये खोचलेल्या प्रती, कुणीही चाळाव्यात! त्यातून कोल्हापुरात दोन गल्ल्या ओलांडल्या की पाहुणा भेटतो. अशा जाहिराती देणाऱ्या विधवा, घटस्फोटित, समलिंगी व्यक्तींची यादी फुटली तर त्यांनी तोंड कुठे लपवायचे? लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काबाबतच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात म्हटले आहेच. त्यापेक्षा ब्लॅकमेलची तक्रार घेऊन येणाऱ्याला ‘तुम्ही तिथे गेलातच कशाला?’ असे न विचारता पोलिसांनी गुन्हा नोंदवून घ्यावा.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर