दिल्या, तो फोन तू का ठेवलास ते आता कळलं

एडिसन, न्यू जर्सी
मंगळवार, रात्रीचा दीड

प्रिय दिल्या,

आठ महिने फोन नाही, मेसेज नाही, आणि आता एकदम एवढं लांबलचक पत्र. शिव्या घालून घे आणि मग वाच. तब्येत बरी आहे. साखर होती तिथेच आहे, गोळी चालू.

2016 चा आपला तो फोन आठवतो? तू मधेच ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी 'रेंज गेली' म्हणालास. रंकाळ्यावर बसून तुझी रेंज जाते होय रे लेका? मला तेव्हाच कळलं होतं तू चिडलायस. का चिडलास ते मात्र परवा कळलं, म्हणून लिहितोय.

ऑस्करवरून जुंपली होती आपली. अभिनयाच्या वीस नामांकनांत वीसच्या वीस गोरे, आणि आदल्या वर्षीही वीसच्या वीस. काळा दिग्दर्शक स्पाइक ली सोहळ्याला येत नाही म्हणाला होता, 'ऑस्कर्स सो व्हाइट'चा इथे वणवा पेटला होता. आणि मी अमेरिकेत राहतो म्हणजे मला जास्त कळतं, अशा थाटात तुला समजावत होतो. की बाबा, नटांना नटच निवडतात, जो तो आपापली यादी घरून पाठवतो. कट करायचा तर निदान एक खोली लागते, इथे खोलीच नाही. तू म्हणालास, "खोली नाही तर वीसच्या वीस जमले कसे रे?" वर तो लॉस एंजेलिस टाइम्सचा 2012 चा आकडा काढलास: मतदार 94 टक्के गोरे, 77 टक्के पुरुष, मधलं वय 62. "ही तर आपल्या गल्लीतल्या पतसंस्थेची संचालक मंडळी!" मग 'क्रीड' सिनेमावर आलास. दिग्दर्शक काळा, नायक काळा, आणि नामांकन एकट्या गोऱ्या स्टॅलोनला. "नाचला सगळा फड, फेटा बांधला पाव्हण्याला." हसू आलं होतं मला, पण हरायचं नव्हतं.

त्या काळ्या नटीचं, हॅटी मॅकडॅनियलचंही तूच काढलंस. 1940 साली ऑस्कर दिलं, पण हॉटेलात बसवलं वेगळ्या टेबलावर. मी म्हणालो, तो काळ वेगळा होता, आता फक्त गुणवत्ता बघतात. मग तू आपल्या मराठी 'कोर्ट' सिनेमाचा विषय काढलास. त्याच वर्षी भारतातर्फे गेलेला, शेवटच्या पाचांत न आलेला. मी पटकन बोलून गेलो, "चांगला वाटला असता तर घेतला असता ना." तिथे तुझी रेंज गेली.

पुढच्या वर्षी काळ्या कलाकारांच्या 'मूनलाइट'ला मिळालं तेव्हा मी लगेच विचारलं होतं, "झालं समाधान? 683 नवे सभासद बोलावलेत ऑस्करवाल्या अकॅडमीने!" तू नुसता अंगठा पाठवलास. 2020 ला कोरियन 'पॅरासाइट' सर्वोत्कृष्ट ठरला आणि त्यातल्या एकाही नटाला नामांकन नाही, तेव्हा मात्र तुझाच मेसेज आला, "सिनेमा उत्तम, पण त्यात काम कुणीच केलं नव्हतं वाटतं." त्याला मी उत्तर दिलं नाही. कामात होतो असं नाही.

आता परवाचं ऐक. इथल्या मंडळाची एकांकिका स्पर्धा झाली. तिघे परीक्षक, त्यात मी. (हसू नकोस. अकाउंटंट माणूस, निदान बेरीज तरी चुकणार नाही म्हणून घेतात.) अभिनयासाठी पाच नावं काढायची. चहा पीत वीस मिनिटांत काढली. भांडण नाही, फोन नाही, वशिला नाही. गुणांची शीट भरणारी पोरगी म्हणाली, "काका, तो बीडचा दादा कुठाय यात? लोक तर त्यालाच रडले."

खरंच रडले होते. इथे वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतो तो. बापाचं काम होतं, आष्टीकडचा शेतकरी बाप, मुलाकडे अमेरिकेत आलेला. मी माझा कागद काढला. त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात: 'उच्चार सदोष'. का, तर 'पाणी'ला 'पानी' म्हणाला. आष्टीचा शेतकरी 'पानी' म्हणाला, दिल्या! आणि आमच्या पाचांत कोण, तर कोथरूडचा एक सॉफ्टवेअरवाला. त्यानेही शेतकरीच केला होता, 'व्हय जी, न्हाय जी' करत. त्याच्यापुढे मी लिहिलंय 'ग्रामीण बोलीवर उत्तम पकड'.

हसलास ना? मी नाही हसलो. मला एकदम पुण्याची ती स्पर्धा आठवली, 1990 ची. परीक्षकाचा कागद टेबलावर राहिला होता आणि आपण दोघांनी वाकून वाचला होता. माझ्यापुढे 'स्वच्छ वाणी'. तुझ्यापुढे हेच दोन शब्द, 'उच्चार सदोष'. माझी आई सदाशिव पेठेतली, त्यात माझी कसली आलीय मेहनत? येताना एसटीत तू कात्रजपासून कराडपर्यंत त्या परीक्षकाच्या नकला केल्यास, अख्खी गाडी हसवलीस. मीही हसलो. बक्षिसाची ढाल माझ्या मांडीवर होती. पुढच्या वर्षी तू बॅकस्टेजला गेलास, 'दुकान बघायचं असतं' म्हणालास, आणि मी ते खरं धरलं. सोयीचं होतं.

तो परीक्षक काही वाईट माणूस नव्हता. मीही नाही, असं अजून वाटतं. आम्हा तिघांपैकी कुणी कुणाची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. बसलो, चहा प्यायलो, जे कानाला गोड लागलं त्याला गुण दिले. कान कुणाचे, हे मात्र नाही विचारलं.

बाकीच्या दोघांना फोन केले. एक म्हणाले, "आता कशाला उकरताय, प्रमाणभाषा म्हणून काही आहे की नाही?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मुद्दा मांडा, मी बघते." बघते म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. यादी बदलली तर त्या पोरावर मेहेरबानी केल्यासारखं होईल का, हेही डोक्यात घोळतंय. अकॅडमीने नियम बदलले तेव्हा 'आता दर्जा घसरणार' म्हणून हळहळणाऱ्यांत मीच होतो, तुला माहीत आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालं का? सायलीची एमपीएससीची मुलाखत झाली असेल, तिला म्हणावं काका विसरला नाहीये. दुकानापुढचं ते रस्ता रुंदीकरण मिटलं का? सगळं नीट कळव.

सोबत त्या पोराच्या एकांकिकेचं रेकॉर्डिंग पाठवतोय, पस्तीस मिनिटांचं. आवाज जरा खरखरतो. तू बघ, आणि तो 'पानी' म्हणतो त्या जागेला तुला काय वाटतं ते सांग. निकाल शनिवारी संध्याकाळी आहे, आमच्या. त्याच्या आत फोन कर. मी रात्री दीडपर्यंत जागाच असतो हल्ली.

तुझा,
सुध्या

ता. क. ढाल अजून आहे माझ्याकडे, बेसमेंटमध्ये. पितळ काळं पडलंय.