फसलेला गेम खेळता तरी यायला हवा

महोदय,

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात गेमच्या दुनियेशी संबंधित दोन गोष्टी सपशेल आपटल्या. ९ तारखेला ‘बॉर्डरलँड्स’ या लोकप्रिय गेममालिकेवरचा चित्रपट प्रदर्शित झाला. केट ब्लँचेटसारखी अभिनेत्री असूनही समीक्षकांनी त्याला झोडपून काढले आणि दहा कोटी डॉलरहून अधिक खर्चून केलेल्या या चित्रपटाची जगभरातली कमाई ३.३ कोटी डॉलरच्या आसपास अडकली. २३ तारखेला सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ हा ऑनलाइन गेम, म्हणजे कंपनीचे सर्व्हर (इंटरनेटवरून गेम चालवणारे संगणक) चालू असतील तरच खेळता येणारा गेम, बाजारात आणला आणि पुरेसे खेळाडूच न मिळाल्याने ६ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांत, तो बंद केला. ‘बॉर्डरलँड्स’ आजही पाहता येतो आणि तो खरोखरच इतका वाईट आहे का, हे ज्याचे त्याला ठरवता येते. ‘कॉन्कॉर्ड’च्या बाबतीत ती सोय कायमची संपली. गेमच्या अपयशाबद्दल वृत्तपत्रांत जे लिहून येते ते बहुधा बुडालेल्या पैशांपाशीच थांबते आणि हा दुसरा तोटा नजरेआड होतो, म्हणून हे पत्र.

सोनीने ग्राहकांचे पैसे परत केले, हे योग्यच झाले. पुढच्याच महिन्यात गेम बनवणारा ‘फायरवॉक’ स्टुडिओही बंद करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. पाच विरुद्ध पाच अशा लढतींच्या या गेममधील पात्रे अनेकांना नीरस वाटली. ती टीका मला बऱ्याच अंशी पटते. पण बंदुका चालवण्यातली सफाई आणि चित्रांचे काम चांगले असल्याचे टीकाकारांपैकीही काहींनी मान्य केले होते. त्यात कचरा गोळा करणारा एक यंत्रमानव होता आणि व्हॅक्यूम हेच त्याचे शस्त्र होते. ही कल्पना किती जमली होती आणि किती फसली होती, हे आता कोणालाही अधिकृतपणे स्वतः खेळून पाहता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ॲमेझॉनवर आलेल्या ‘सीक्रेट लेव्हल’ या ॲनिमेशन मालिकेत वेगवेगळ्या गेमवर बेतलेले भाग आहेत आणि त्यांतला एक ‘कॉन्कॉर्ड’वर आहे. गेम बंद होऊन तीन महिने झाल्यावर तो प्रदर्शित झाला. रूपांतर उपलब्ध आहे आणि मूळ कलाकृतीच नाही, अशी वेळ कादंबरीवर किंवा नाटकाच्या संहितेवर आली असती तर आपण ती निमूटपणे मान्य केली असती का?

गेमचे पहिल्या आठवड्यातले रूप हे त्याचे अंतिम रूप नसते, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा, विशेषतः जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रांवर), इतका सदोष होता की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. सीडी प्रोजेक्ट या निर्मात्या कंपनीने त्यानंतर काही वर्षे सातत्याने दुरुस्त्या केल्या, त्यावर बेतलेल्या २०२२ मधल्या ‘एजरनर्स’ या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेने खेळाडूंना पुन्हा गेममधल्या शहरात ओढून आणले आणि आज तो गेम आदराने वाखाणला जातो. २०१८ मध्ये ‘फॉलआउट ७६’ या गेमचीही अशीच नाचक्की झाली होती, पण तो चालू ठेवला गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये त्या गेममालिकेवरची ‘फॉलआउट’ ही चित्रित मालिका आल्यावर त्यावर नव्या-जुन्या खेळाडूंची झुंबड उडाली. उत्तम रूपांतर मूळ गेमला असे दुसरे आयुष्य देऊ शकते, मात्र त्यासाठी तो गेम जिवंत असावा लागतो.

‘कॉन्कॉर्ड’चे पैसे निदान परत मिळाले. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा गेम २०१४ पासून विकला जात होता. त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि एकट्याने गाडी चालवण्याचा भागही सर्व्हरला बांधलेला असल्याने विकत घेतलेली प्रत निरुपयोगी ठरली. यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघातल्या नागरिकांच्या याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. सर्व्हर चालवायला खर्च येतो, तो अनंतकाळ कोणी करावा, हा कंपन्यांचा आक्षेप रास्त आहे. परंतु मोहिमेची ती मागणीच नाही. सेवा थांबवताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा, इतकेच तिचे म्हणणे आहे. हे अशक्य नाही, याचे उदाहरण एका फसलेल्या गेमनेच घालून दिले आहे. मे २०२३ मधला ‘रेडफॉल’ वाईट रीतीने पडला आणि वर्षभराने तो बनवणारा ‘आर्केन ऑस्टिन’ स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय झाला, तरीही जाता जाता त्या चमूने शेवटच्या अपडेटमधून ऑफलाइन खेळण्याची सोय करून दिली. ‘नॉकआउट सिटी’ या ऑनलाइन गेमचे सर्व्हर बंद करतानाही त्याच्या निर्मात्यांनी खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती संगणकासाठी दिली. जुन्या गेममध्ये तांत्रिक किंवा परवान्यांच्या अडचणी येतील, हे मान्य. पण आज ज्यांची आखणी सुरू आहे त्या गेममध्ये ही तरतूद पहिल्यापासून का असू नये?

गेमवरचे चित्रपट आणि मालिका आता मोठ्या संख्येने येत आहेत आणि त्यांची परीक्षणे आपण आस्थेने छापता. ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेबद्दल लिहिताना मूळ गेमशी तुलना करता आली, कारण तो गेम आजही कोणालाही खेळता येतो. यापुढे अशा प्रत्येक परीक्षणासोबत मूळ गेम सध्या उपलब्ध आहे का, कोणत्या कन्सोलवर किंवा संगणकावर चालतो आणि कंपनीचे सर्व्हर बंद पडल्यास तो चालू राहील का, एवढी माहिती छोट्या चौकटीत द्यावी, ही विनंती. नव्या गेमच्या परीक्षणातही हा शेवटचा प्रश्न न चुकता विचारला जावा.

आपला,
एक वाचक